कोलंबस, इंडियाना: न पाहिलेल्या घराच्या करारावर पुण्यातून सही करावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीने आपली बदली पुण्याहून दोन वर्षांसाठी इंडियाना राज्यातील कोलंबस या गावी केली आहे आणि पुढील महिन्यात आपण पत्नीसह तेथे पोहोचणार आहात. एका बेडरूमचे एक घर आपल्याला छायाचित्रांवरून पसंत पडले आहे. अमेरिकेत क्रेडिट हिस्टरी (कर्जे व बिले वेळेवर फेडल्याची नोंद) नसल्यामुळे मालक तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागत आहे आणि चार दिवसांत बारा महिन्यांच्या करारावर सही हवी, असा त्याचा आग्रह आहे. सही करावी का, आणि एवढी अनामत रास्त आहे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी गेली सोळा वर्षे याच गावात मालकांच्या वतीने भाड्याच्या घरांची व्यवस्था पाहते. पुण्याहून येणारी अनेक कुटुंबे माझ्याकडून किल्ल्या घेऊन गेली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बारा महिन्यांची सही करू नये, असे माझे मत आहे. त्याला अपवाद आहेत, ते पुढे सांगते. तीन महिन्यांची अनामत बेकायदा नाही, कारण इंडियानात अनामतीवर कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही. मात्र बोलणी करून ती कमी करून घेता येते. या दोन्हींपेक्षा मला अधिक काळजी वाटते ती आपण न विचारलेल्या प्रश्नाची: मुदतीच्या आधी घर सोडावे लागले, तर काय होईल?

पुण्यात आपण ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करतो. त्यात मालक केवळ वापराची परवानगी देतो, आणि लॉक-इनचा काळ संपला की बहुधा एका महिन्याच्या नोटिशीवर दोन्ही पक्ष मोकळे होतात. इंडियानातील लीज ही वेगळी गोष्ट आहे. तिने ठरलेल्या मुदतीपुरता घराचा ताबाच आपल्याकडे येतो. न्यायालयाच्या आदेशाशिवाय मालक कुलूप बदलून आपल्याला बाहेर काढू शकत नाही किंवा वीज-पाणी तोडू शकत नाही. भाडेकरूला याचा मोठा आधार असतो. पण पूर्ण मुदतीचे भाडे देण्याचे बंधनही तितकेच पक्के असते आणि एका महिन्याची नोटीस दिल्याने ते सुटत नाही.

यात व्हिसाची बाब मिळवून पाहा. आपण एल-१ वर येत असा किंवा एच-१बी वर, नोकरी संपल्यास देशात राहण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. येथील कित्येक करारांत मुदतीआधी घर सोडायचे असल्यास ६० दिवसांची पूर्वसूचना आणि वर दोन महिन्यांचे भाडे, असे कलम असते. काही करारांत तसे कलमच नसते, आणि मग नवा भाडेकरू मिळेपर्यंतचे भाडे आपल्याकडे मागितले जाऊ शकते. नोकरी गेलेल्या, सामान बांधून परतीच्या तयारीत असलेल्या माणसावर हा भार पडताना मी पाहिला आहे, आणि त्या वेळी करारात नसलेली सवलत मिळवणे फार अवघड जाते. म्हणून सहीपूर्वीच एक कलम घालून घ्यावे: कंपनीने दुसरीकडे बदली केली, नोकरी संपली किंवा व्हिसाची मुदत वाढली नाही, तर कंपनीचे पत्र दाखवून ३० दिवसांच्या सूचनेवर आणि एका महिन्याचे जादा भाडे भरून करार संपवता येईल. अशी मागणी करण्यात संकोच मानू नये. अभियंत्यांच्या बदल्या या गावाच्या नित्याच्या परिचयाच्या आहेत, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक मालक असे कलम थोड्याफार फरकाने मान्य करतात.

चार दिवसांची घाई कोठून येते, तेही समजून घेतले पाहिजे. कोलंबस हे सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव आहे. इंजिने बनवणारी कमिन्स कंपनी येथे १९१९ मध्ये सुरू झाली आणि तिचे मुख्यालय आजही येथेच आहे. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली, तेव्हापासून या दोन गावांचे नाते आहे. गावातील बहुतेक वस्ती स्वतंत्र घरांची आहे. भाड्याची घरे प्रामुख्याने दोन-तीन मजली इमारतींच्या संकुलांत असतात आणि त्यांतही दोन बेडरूमची घरे अधिक, एका बेडरूमची कमी. मे ते ऑगस्ट या काळात प्रशिक्षणार्थी विद्यार्थी येतात तेव्हा हीच लहान घरे आधी संपतात. त्यामुळे मालकाची घाई अगदीच खोटी असते असे नाही. पण संकुलांचे भाडेकरू साधारण साठ दिवस आधी सूचना देतात, म्हणून पुढील दोन महिन्यांत कोणते घर रिकामे होणार हे कार्यालयाला ठाऊक असते; जाहिरातीत मात्र ते लगेच दिसत नाही. तीन-चार संकुलांच्या कार्यालयांना फोन करून ‘आज काय रिकामे आहे’ असे न विचारता ‘पुढील साठ दिवसांत एका बेडरूमचे कोणते घर सुटणार आहे’ असे विचारावे. उत्तर बरेचदा वेगळे मिळते.

माझा सल्ला असा की, पहिले दोन ते चार आठवडे स्वयंपाकाची सोय असलेल्या हॉटेलात काढावेत. बदलीच्या खर्चात कंपनी तात्पुरत्या निवासाचे पैसे देते का, हे मनुष्यबळ विभागाला विचारून लेखी उत्तर घ्यावे. कित्येकांच्या बदलीपत्रात ही तरतूद असते आणि ते पान वाचलेलेच नसते. त्या काळात घरे दिवसा पाहावीत आणि जे पसंत पडेल ते पुन्हा रात्री नऊनंतर पाहावे. या आग्रहाला कारण आहे. मी स्वतः प्रथम येथे आले, तेव्हा आम्ही पुण्यातूनच छायाचित्रे पाहून सही केली होती. घर स्वच्छ होते, स्वयंपाकघर मोठे होते, भाडेही परवडणारे होते. पहिल्याच रात्री कळले की खिडकीपासून थोड्याच अंतरावर मालगाडीचे फाटक आहे. आणि रस्ता ओलांडताना गाडीने भोंगा वाजवलाच पाहिजे, असा येथे नियम आहे. घराविषयी आम्हाला सांगितलेले काहीही खोटे नव्हते. पण छायाचित्रात आवाज येत नाही, आणि वर्षभर आम्ही दोघे अपुऱ्या झोपेवर कामाला जात होतो.

अपवाद कोणते? पत्नी गरोदर असेल, लहान मूल सोबत असेल, आगमन ऐन जानेवारीत असेल किंवा कंपनी हॉटेलचा खर्च देणार नसेल, तर पुण्यातून घर ठरवणे समजण्यासारखे आहे. गावात बस आहे, पण तिच्या भरवशावर घरे शोधत फिरणे कठीण जाते. अशा वेळी संकुल मोठे आणि जुन्या परिचयाचे निवडावे, तेथे राहणाऱ्या किंवा राहून गेलेल्या सहकाऱ्याकडे चौकशी करावी, आणि नमुन्याचे घर न दाखवता आपल्याला मिळणारेच घर थेट व्हिडिओवर दाखवावे, असा आग्रह धरावा. घराचा क्रमांक करारात लिहून घ्यावा. व्यक्तिगत मालक असेल, तर एखादा सहकारी त्या घरात पाऊल ठेवून येईपर्यंत एक डॉलरही पाठवू नये. दुसऱ्याच्या घराची छायाचित्रे लावून परगावाहून येणाऱ्यांकडून अनामत उकळण्याचे प्रकार होतात, आणि पाठवलेले पैसे परत मिळत नाहीत.

आता अनामतीविषयी. मालकाला भीती असते ती भाडे न मिळण्याची, आणि आपल्या नावावर त्याला दिसेल असा कोणताही इतिहास नसतो. म्हणून त्याला दुसरा पुरावा द्यावा. येथे साधारणपणे मासिक उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असावे अशी अपेक्षा धरतात. कंपनीचे नियुक्तिपत्र, पगाराचा आकडा, पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या प्रती एकत्र पाठवून ‘एका महिन्याची अनामत आणि गरज वाटल्यास आणखी अर्धा महिना’ असा प्रस्ताव ठेवावा. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतील सरकारी ओळख क्रमांक) येथे पोहोचल्यानंतर मिळतो, तो नंतर देऊ असे कळवावे. घरासाठी क्रेडिट तपासणे हा मालकाचा अधिकार आहे, परंतु आपण कोणत्या देशाचे आहात या कारणावरून घर नाकारण्यास १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने मनाई आहे, हेही माहीत असावे. काही जण सुटका म्हणून वर्षाचे भाडे आगाऊ भरण्याची तयारी दाखवतात. तसे करू नये. घरात बिघाड झाला किंवा वाद उद्भवला, तर सगळे पैसे आधीच दुसऱ्याच्या हाती असतात.

अनामत परत मिळण्याचा नियम इंडियानात स्पष्ट आहे. करार संपून घराचा ताबा परत दिल्यानंतर ४५ दिवसांत मालकाने अनामत परत केली पाहिजे, किंवा कशासाठी किती कापले याची तपशीलवार यादी दिली पाहिजे. नेहमीच्या वापराने झालेली झीज त्यात धरता येत नाही. पण यात भाडेकरूचेही एक काम आहे, आणि नेमके तेच राहून जाते: आपला पुढील पत्ता मालकाला लेखी कळवावा लागतो. तो कळवला नाही, तर मालकाची यादी देण्याची जबाबदारी आपल्याला बजावून सांगता येत नाही. भारतात परतणाऱ्यांनी पुण्याचा पत्ता दिला तरी चालतो. शक्य असल्यास येथील एखाद्या विश्वासू मित्राचा पत्ता द्यावा, कारण धनादेश टपालाने येतो.

घर कसे निवडावे, यावर आपल्या स्वयंपाकाच्या आणि स्नानाच्या सवयींचा जितका परिणाम होतो, तितका भाड्यातील पन्नास-शंभर डॉलरांच्या फरकाचा होत नाही. शेगडीवरचा पंखा आधी तपासावा. अनेक संकुलांत तो हवा बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. पंख्यावरचे कपाट उघडून वर जाणारी नळी दिसते का पाहावे; नसेल तर स्वयंपाकघराला किंवा लगतच्या खोलीला उघडणारी खिडकी तरी असावी. मिरचीची फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो, आणि मग कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतो. हे कधीही करू नये. येथील घरे बहुतांशी लाकडी सांगाड्याची असतात आणि आग फार झपाट्याने पसरते. शिवाय अलार्म चालू ठेवणे व बॅटरी बदलणे ही इंडियानाच्या कायद्याने भाडेकरूची जबाबदारी आहे. गालिच्यात मसाल्याचा वास मुरतो आणि घर सोडताना त्याचे पैसे कापले जातात, म्हणून स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा गालिच्याविना असेल असे घर मिळाले तर ते पहिल्या पसंतीचे समजावे. सिंकमधील दळणयंत्रात भात, बटाट्याच्या साली आणि चहाचा चोथा टाकू नये. या तीन गोष्टींमुळे तुंबलेले नळ दुरुस्त करण्यासाठी मी किती वेळा माणूस पाठवला, याची मोजदाद नाही.

न्हाणीघराविषयी मुद्दाम लिहिते. येथे न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते. पाणी वाहून जायला वाट असते ती फक्त टबातून. एका वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने, आपण सगळे घरी करतो तशी, बादली टबाबाहेर ठेवून आंघोळ सुरू केली. दीड-दोन महिन्यांत खालच्या घराचे छत ओले होऊन फुगले, आणि दुरुस्तीचा खर्च त्यांच्या अनामतीपेक्षा जास्त झाला. ती माणसे निष्काळजी नव्हती, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून किल्ली देतानाच मी हे सांगते: बादली टबात ठेवावी, पडदा टबाच्या आत सोडावा.

हिवाळ्याचा खर्च जाहिरातीत दिसत नाही. जानेवारीत रात्रीचे तापमान नेहमीच शून्याखाली उतरते. घर गॅसच्या फर्नेसने गरम होते की भिंतीलगतच्या विजेच्या हीटरने, हे विचारावे, कारण विजेच्या हीटरचे बिल सहसा बरेच अधिक येते. भाड्यात पाणी, सांडपाणी आणि कचरा धरला आहे का, हे करारात पाहावे. त्या पत्त्याचे मागील हिवाळ्यातील सरासरी बिल किती होते, हेही मालकाला किंवा वीज कंपनीला विचारावे. वर आणि खाली शेजारी असलेले मधल्या मजल्याचे घर सर्वांत कमी खर्चात उबदार राहते. मजले मोजताना लक्षात ठेवावे की येथे ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आपला तळमजला.

तळमजल्याबाबत आणखी एक गोष्ट. ७ जून २००८ रोजी अतिवृष्टीनंतर हॉ क्रीक या ओढ्याला पूर येऊन गावाचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि रुग्णालयही रिकामे करावे लागले. गावात दोन नद्यांचा संगम आहे, त्यामुळे पाण्याजवळचे तळमजल्याचे घर घेण्याआधी त्या जागी २००८ मध्ये पाणी आले होते का, हे विचारावेच. बहुतेक मालक भाडेकरूचा विमा सक्तीचा करतात. तो महिन्याला थोडक्या डॉलरांत मिळतो आणि घेतलाच पाहिजे, परंतु त्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि संघराज्य सरकारच्या योजनेत तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. उलट टॉर्नेडोचा, म्हणजे जमिनीवरून फिरत येणाऱ्या विनाशकारी वावटळीचा, इशारा देणारा भोंगा वाजला, तर वरच्या मजल्यावरच्यांना खाली धाव घ्यावी लागते. म्हणून घर पाहतानाच खिडकी नसलेली आतली खोली किंवा जिन्याखालची जागा कोणती, ते ठरवून ठेवावे.

गावाच्या मध्यभागी, वास्तुविशारद एलिएल सारिनेन यांचे १९४२ चे चर्च आणि वास्तुविशारद आय. एम. पेई यांचे ग्रंथालय जेथे समोरासमोर आहेत, त्या परिसरात जुन्या घरांचे भाग पाडून केलेली लहान घरे कधीकधी मिळतात. तेथे राहण्याचा आनंद वेगळाच आहे, पायी बाजारात जाता येते. मात्र १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. त्याविषयी माहिती असल्यास ती लेखी देणे मालकावर बंधनकारक आहे. घरात लहान मूल असेल किंवा होणार असेल, तर हा कागद गांभीर्याने वाचावा. अशा घरांत दोन बिऱ्हाडांना मिळून एकच थर्मोस्टॅट (घराचे तापमान ठरवणारे बटण) असतो का, हेही पाहावे.

आईवडील येणार असतील, तर पाहुण्यांचे कलम आजच वाचावे. बऱ्याच करारांत चौदा दिवसांहून अधिक राहणाऱ्या पाहुण्यासाठी मालकाची परवानगी लागते, आणि आपले आईवडील व्हिसावर पाच-सहा महिन्यांसाठी येतात. एका बेडरूमच्या घरात दोनपेक्षा अधिक माणसे दीर्घकाळ राहण्यास मालक हरकत घेऊ शकतो. सुरुवातीलाच ‘वर्षातून एकदा पालक सहा महिन्यांपर्यंत राहतील’ असे लिहून घेतले, तर पुढे म्हाताऱ्या माणसांना लपवाछपवीत राहावे लागत नाही. हे दृश्य मी पाहिलेले आहे आणि ते फार क्लेशदायक असते.

किल्ली मिळेल त्या दिवशी सामान आत नेण्यापूर्वी प्रत्येक भिंत, गालिचा, शेगडीची आतली बाजू आणि टबाभोवतीची फट यांची छायाचित्रे काढून ती त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवावीत. पुढे काही बिघडले, तर तक्रार फोनवर न करता लेखी करावी. दुरुस्ती होत नाही म्हणून भाडे थांबवणे इंडियानात धोक्याचे आहे, कारण भाडे थकले की मालक घर खाली करून घेण्यासाठी न्यायालयात जाऊ शकतो. भाडे भरत राहून लेखी तक्रार जपून ठेवावी. वाद अनामतीपर्यंत गेला, तर १०,००० डॉलरपर्यंतचे दावे वकिलाशिवाय स्मॉल क्लेम्स न्यायालयात मांडता येतात, आणि तेथे छायाचित्रे व ईमेल हाच पुरावा असतो.

आपल्या हातात आज चार दिवस आहेत, त्यांत मालकाला असे पत्र पाठवावे: आपल्याला घर आवडले आहे, आपण अमुक तारखेला पोहोचून दोन दिवसांत ते पाहाल, तोपर्यंत घर राखून ठेवण्यासाठी, पसंत न पडल्यास परत मिळेल अशी माफक रक्कम, घर खरे असल्याची सहकाऱ्याने खात्री केल्यावर, आपण द्याल, अनामत दीड महिन्याची असावी, आणि बदली, नोकरी व व्हिसा यांविषयीचे कलम करारात हवे. तो तयार झाला, तर कराराचा मसुदा मागवून घ्यावा आणि मुदतीअखेरचे कलम पाहावे: किती दिवस आधी सूचना द्यायची, आणि ती न दिल्यास करार आपोआप किती काळासाठी वाढतो. तो नाहीच म्हणाला, तर ते घर सोडून द्यावे आणि वर सांगितलेला साठ दिवसांचा प्रश्न दुसऱ्या संकुलांना विचारावा. मसुदा हाती आल्यावर शंका असलेली कलमे येथे लिहिलीत, तर मी ती वाचून उत्तर देईन.